हमीपत्र, क्लबची लायबिलिटी पॉलिसी आणि स्वतःचा विमा: अपघातानंतर कोणता कागद कोणाच्या कामी येतो

गिर्यारोहण क्लबच्या वार्षिक सभेत विम्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "सगळ्यांकडून हमीपत्र घेतोच की आपण, मग हा खर्च कशाला?" त्यावर दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: "विमा काढलाय ना, मग हमीपत्राची कटकट कशाला?" आपण एकाच गोष्टीबद्दल भांडतोय अशी दोघांचीही समजूत असते. खरं तर इथे तीन कागद आहेत: 'धोका माझा, क्लबवर दावा करणार नाही' असं सभासदाने लिहून दिलेलं हमीपत्र, क्लबवर किंवा सभासदांवर येणारे भरपाईचे दावे भरणारी लायबिलिटी (दायित्व) पॉलिसी आणि सभासदाचा स्वतःचा विमा. तिघांची कामं वेगळी आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. निवड करताना एकच प्रश्न धरून ठेवावा: अपघातानंतर या कागदामुळे कोणाला पैसे मिळतात, किंवा कोणाचे वाचतात?

एक अपघात कल्पून पाहू. दोन सभासद दोराला बांधून चढताहेत. वरच्याचा पाय सुटतो, खालचा 'बिले' (पडणाऱ्याला दोराने रोखून धरण्याचं काम) धरायला क्षणभर चुकतो. वरचा दहा मीटर खाली येतो, घोटा आणि कंबरेचं हाड मोडतं. त्याच्यासोबत निसटलेला दगड पायथ्याच्या वाटेवरून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर बसतो. हेलिकॉप्टर बोलवावं लागतं. यातून पाच बिलं तयार होतात: सुटकेचा खर्च, हॉस्पिटलचा खर्च, काही महिन्यांचा बुडालेला पगार, जखमी सभासदाने बिले करणाऱ्यावर किंवा क्लबवर केलेला दावा, आणि त्या वाटसरूचा दावा.

हमीपत्र

पहिल्या तीन बिलांपैकी एकही हमीपत्र भरत नाही. पाचव्यालाही त्याचा उपयोग शून्य, कारण त्या वाटसरूने कशावर सहीच केलेली नाही. उरलं चौथं. तिथेही देश बदलला की उत्तर बदलतं.

ब्रिटनमध्ये १९७७ पासूनचा कायदा असा आहे की व्यवसाय म्हणून सेवा देणाऱ्याला, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी करारातून झटकता येत नाही. कागदावर काहीही छापा, तो मजकूर निरुपयोगी. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या नागरी संहितेतलं १४७४ वं कलम तर व्यवसाय आहे की नाही हेही बघत नाही, शारीरिक इजेची जबाबदारी सरसकट झटकता येत नाही. याउलट अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत छंदाच्या खेळांसाठी केलेली अशी हमीपत्रं साध्या निष्काळजीपणापुरती न्यायालयं मान्य करतात, घोर निष्काळजीपणाला मात्र बहुधा नाही. आणि न्यूझीलंडमध्ये अपघाती इजेच्या उपचारांचा व भरपाईचा बोजा सरकारी योजना उचलते, त्याबदल्यात इजेच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क जवळजवळ राहत नाही. तिथे चौथं बिलच सहसा येत नाही. म्हणून दुसऱ्या देशातल्या क्लबचा फॉर्म उतरवून घेण्याला माझा सक्त विरोध आहे.

मग हमीपत्र घ्यावं का? घ्यावं, पण ढाल म्हणून नाही. धोका समजून घेतल्याचा पुरावा म्हणून त्याची खरी किंमत आहे. ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिलचं सहभाग-निवेदन याचा चांगला नमुना आहे. चढाईत इजा किंवा मृत्यूचा धोका आहे, सहभागी होणाऱ्याने तो जाणून स्वीकारावा आणि स्वतःच्या कृतींची जबाबदारी स्वतः घ्यावी, एवढंच ते थोडक्यात सांगतं. फॉर्ममध्ये दगड पडण्याचा धोका, बिघडणारं हवामान, मदत पोहोचायला लागणारे तास आणि 'आमचा लीडर स्वयंसेवक आहे, पगारी गाइड नाही' हे स्पष्ट लिहिलं की वाद निम्मा होतो. सभासदाचे आजार, चालू औषधं, घरचा फोन आणि पॉलिसी नंबर त्याच कागदावर घ्या. संकटात सगळ्यात आधी हाच भाग उघडला जातो.

सही कशी घेतली हेही पाहिलं जातं. पहाटे बस सुटायच्या बेतात असताना, हेडलॅम्पच्या उजेडात, चार पानांवर घेतलेल्या सहीबद्दल "वाचायला वेळच दिला नाही" असं सांगणं वकिलाला फार सोपं जातं. फॉर्म आठवडाभर आधी पाठवावा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत आणखी सावध राहा. पालकाची सही परवानगी म्हणून चालते, पण ती मुलाचा स्वतःचा दावा संपवतेच असं नाही, आणि बऱ्याच ठिकाणी मूल सज्ञान झाल्यावरच दावा लावण्याची मुदत मोजायला सुरुवात होते.

सही करणाऱ्या सभासदाने एक वाक्य शोधावं: "माझ्यामुळे क्लबवर कोणताही दावा आल्यास ती रक्कम मी भरून देईन." ही धोक्याची कबुली राहत नाही, क्लबची देणी स्वतःच्या डोक्यावर घेणं होतं. शिवाय करारातून अंगावर घेतलेली अशी देणी कितीतरी लायबिलिटी पॉलिस्या वगळतात, म्हणजे त्या रकमेसाठी सभासद एकटाच उरतो. ते वाक्य खोडून घ्यायला सांगण्यात संकोच नको.

क्लबची लायबिलिटी पॉलिसी

चौथं आणि पाचवं बिल हिचं. दावा खोटा ठरला तरी तो लढायचा वकिली खर्च असतो, चांगली पॉलिसी तोही उचलते. याचं महत्त्व कार्यकारिणीवरच्या लोकांना उशिरा कळतं. जो क्लब संस्था म्हणून नोंदलेला नाही, त्याला अनेक कायदेपद्धतींमध्ये स्वतंत्र अस्तित्वच नसतं, त्यामुळे दावा थेट पदाधिकाऱ्यांच्या नावावर येऊ शकतो. सहली आखणारा चिटणीस फुकट काम करतो, पण फुकट काम केलं म्हणून जबाबदारी माफ होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण पॉलिसी आहे आणि उपयोगाची नाही हा प्रकार याच कागदाच्या बाबतीत जास्त घडतो. आपल्या कल्पनेतल्या अपघातात मोठा दावा सभासदाचा सभासदावर आहे. साध्या सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत बऱ्याचदा सगळे सभासद 'विमाधारक' धरलेले असतात आणि एका विमाधारकाचा दुसऱ्यावरचा दावा वगळलेला असतो. मग बिले चुकलेला माणूस उघड्यावर. सभासदांमधले आपसातले दावे मान्य आहेत, हे लेखी घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका.

दुसरा मुद्दा तारखांचा. काही पॉलिस्या अपघात ज्या वर्षी झाला त्या वर्षाची पॉलिसी लागू धरतात, काही दावा ज्या वर्षी आला त्या वर्षाची. दुसऱ्या प्रकारात क्लबने यंदा विमा बंद केला आणि तीन वर्षांपूर्वीच्या अपघाताचा दावा पुढच्या वर्षी आला, तर हाती काहीच नाही. लहान मुलांना नेणाऱ्या क्लबने पहिला प्रकारच मागावा.

बाकी तपासणी चटकन होते: बर्फावरची चढाई, परदेशातल्या मोहिमा, कृत्रिम भिंत, अजून सभासद न झालेले पाहुणे यात आहेत का? आणि लीडरला मानधन दिलं की पॉलिसीच्या लेखी तो व्यावसायिक ठरतो का? पेट्रोलचे पैसे देणं आणि दिवसाची फी देणं यांत विमा कंपनी मोठा फरक करते.

शिखर संघटनेचं, म्हणजे देशातल्या क्लबांच्या मुख्य संघटनेचं, सदस्यत्व मिळत असेल तर बाजारातून वेगळी पॉलिसी काढण्यापेक्षा मी तोच मार्ग निवडेन. ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिलच्या सदस्यत्वात दायित्वाचा विमा येतोच, आणि अशा पॉलिसीची भाषा बिले म्हणजे काय हे माहीत असलेल्यांच्या देखरेखीखाली ठरलेली असते. फ्रान्सची क्रीडा संहिता तर क्रीडासंघटनांना दायित्व विमा सक्तीचा करते आणि वर सभासदांना वैयक्तिक अपघात विम्याचं महत्त्व सांगायलाही बांधून घेते. म्हणजे एक विमा दुसऱ्याचं काम करत नाही, हे तिथे कायद्यानेच गृहीत धरलंय.

सभासदाची स्वतःची पॉलिसी

हेलिकॉप्टर, हॉस्पिटल आणि पगार, ही पहिली तीन बिलं मुख्यतः इथे भरली जातात. त्यातही 'अपघात विमा' हा शब्द फसवा आहे. क्लब स्वस्तात घेतात ती ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी मुख्यतः मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी ठरलेली रक्कम देते. घोटा मोडला आणि सहा महिन्यांत जुळला, तर बऱ्याचदा तिच्यातून फारसं काही हाती लागत नाही. कुटुंबाच्या दृष्टीने ती असावी, पण "आपल्याकडे विमा आहे" हे समाधान तिच्यावर बेतू नये.

प्रवास विम्यात एक ओळ नेमकी वाचा: दोर किंवा गाइड लागणारी गिर्यारोहणं वगळली आहेत. "सामान्यतः लागणारी" असा शब्द असेल तर तुम्ही दोर वापरलाच नाही, हा बचाव चालत नाही, ती वाट सामान्यतः कशी चढतात हे पाहिलं जातं. त्यापुढे उंचीची मर्यादा. आणि 'शोध' व 'सुटका' दोन्ही आहेत का? हरवलेल्या माणसाला शोधण्यात गेलेले तास अनेक पॉलिस्या मोजत नाहीत. हेलिकॉप्टरसाठी आधी कंपनीच्या चोवीस तास चालू नंबरवर मंजुरी घ्यावी लागते का, तेही बघा. नेपाळमध्ये बनावट हेलिकॉप्टर सुटकांचं प्रकरण २०१८ मध्ये सरकारी चौकशीत उघडकीला आलं होतं, त्यामुळे कंपन्या याबाबत का ताठर असतात हे समजण्यासारखं आहे.

आल्प्समधल्या संस्थांचे नमुने पाहण्यासारखे आहेत. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबच्या सदस्यत्वातच सुटकेच्या खर्चाचा विमा येतो, मात्र उंच शिखरांवरच्या मोहिमांना मर्यादा आहेत. स्वित्झर्लंडची रेगा ही हवाई बचावसंस्था दरवर्षी देणगी देणाऱ्या आश्रयदात्यांचं बिल माफ करू शकते, पण तो विमा नव्हे. विमा कंपनीने द्यायचे ते पैसे कंपनीनेच द्यायचे असतात.

मग काय घ्यावं?

स्वयंसेवकांच्या जोरावर चालणारा, फक्त सभासदांना नेणारा क्लब असेल आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी आपसातले दावे मान्य करणारी लायबिलिटी पॉलिसी घ्या. सुटका आणि उपचारांचा विमा सभासदाने स्वतः काढावा, तो नसेल तर मोठ्या चढाईसाठी क्लबने त्याचं नाव नोंदवून घेऊ नये. ग्रुप अपघात विमा त्यानंतर. बाहेरच्यांसाठी फी घेऊन शिबिरं भरवत असाल तर तुम्ही व्यवसायाच्या उंबरठ्यावर आहात, तिथे तिन्ही कागद आणि स्थानिक वकिलाची एक बैठक टाळता येणार नाही. हमीपत्र सगळ्यांनीच घ्यावं. त्याला खर्च नाही, फक्त त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

नव्या सभासदाने फी भरण्याआधी चिटणीसाकडून पॉलिसीची प्रत मागावी, सारांशाचं पान नव्हे. द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे.

अपघात झाल्यावर विमा कंपनीला लगेच लेखी कळवा, दावा आलेला नसला तरी. डॉक्टरांना, बचावपथकाला आणि पोलिसांना जे घडलं ते जसंच्या तसं सांगा. पण क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "चूक आमचीच, भरपाई देऊ" असं कोणीही लिहू नये. कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल करायला बहुतेक लायबिलिटी पॉलिस्या मनाई करतात, आणि तेवढ्या एका मेसेजवरून क्लेम अडकू शकतो.