स्टारसाठी ड्राफ्ट पिक द्यावेत का? नेट्स २०१३ आणि लेकर्स २०१९

एका स्टारसाठी आपल्या टीमने पहिल्या फेरीचे तीन-चार पिक देऊन टाकावेत का, हा प्रश्न आला की मी एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधले हे दोन ट्रेड शेजारी ठेवतो. ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी होणारी नव्या खेळाडूंची निवड आणि पिक म्हणजे त्यात निवडीचा हक्क. जास्त हरणाऱ्या टीमला वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त.

२०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सनी बॉस्टनकडून केविन गार्नेट आणि पॉल पियर्स आणले. गार्नेट ३७ वर्षांचा, पियर्स ३५ चा. बदल्यात काही खेळाडू आणि २०१४, २०१६, २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक गेले, तेही कसलंच संरक्षण (म्हणजे पिक फार वरचा निघाला तर तो आपल्याकडेच राहील, अशी अट) न ठेवता. शिवाय २०१७ मध्ये नेट्सचा पिक वरचा असेल तर आपल्या पिकाशी त्याची अदलाबदल करायचा, म्हणजे स्वॅपचा, हक्क बॉस्टनला मिळाला. पुढच्या सलग दोन वर्षांत टीम पहिल्या फेरीच्या पिकाविना राहू नये, असा स्टेपियन नियम आहे. म्हणून पिक एकाआड एक वर्षाचे आणि मधल्या वर्षी स्वॅप.

हा स्वॅप कागदावर किरकोळ दिसतो, पण तोच सगळ्यात जास्त नडला. पियर्स एका सीझननंतर गेला, गार्नेट दुसऱ्या सीझनच्या मध्यात. २०१६-१७ मध्ये नेट्स फक्त २० सामने जिंकून तळाला राहिले. ड्राफ्टमधले वरचे नंबर कुणाला, हे ठरवणाऱ्या लॉटरीच्या यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू फिरतात, त्यातले चार निघतात. त्या वर्षी १००० जुळण्यांपैकी २५० तळाच्या टीमच्या होत्या. नेट्सचा पहिला नंबर लागलाही, पण तो पिक बॉस्टनने घेतला. मग तो फिलाडेल्फियाला देऊन, वर आणखी एक पिक पदरात पाडून, तिसऱ्या नंबरवर जेसन टेटम निवडला. आदल्या वर्षी नेट्सच्याच पिकावर जेलन ब्राउन आला होता. २०२४ मध्ये या दोघांनी बॉस्टनला अजिंक्यपद मिळवून दिलं. हरत राहूनही हाती काही लागत नाही, याहून वाईट अवस्था टीमची नसते. नेट्सच्या चाहत्यांनी ती वर्षानुवर्षं सोसली.

आता लेकर्स. २०१९ मध्ये त्यांनीही न्यू ऑर्लिन्सला भरपूर दिलं: लॉन्झो बॉल, ब्रँडन इन्ग्रम, जॉश हार्ट, त्या वर्षीचा चौथा पिक आणि पुढचे पिक. पण आलेला अँथनी डेव्हिस २६ वर्षांचा होता आणि लेब्रॉन जेम्स आधीच टीममध्ये होता. २०२० मध्ये ते चॅम्पियन झाले. पुढे किंमत मोजावी लागलीच. २०२२ चा त्यांचा पिक आठवा निघाला आणि न्यू ऑर्लिन्सला गेला. तरी मी हा ट्रेड पुन्हा केला असता.

वय तरुण असलं की झालं, असंही नाही. त्याच उन्हाळ्यात क्लिपर्सनी २९ वर्षांच्या पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमाला पाच पिक आणि दोन स्वॅप दिले. सगळे पिकच मोजत बसले. सोबत ओक्लाहोमाला गेलेला शे गिलजस-अलेक्झांडर तेव्हा जेमतेम एक सीझन खेळलेला पोरगा होता. २०२५ मध्ये ओक्लाहोमा चॅम्पियन झाली आणि तो एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. क्लिपर्सच्या २०२२ च्या पिकावर आलेला जेलन विल्यम्सही त्याच टीममध्ये.

म्हणून पस्तिशीतल्या खेळाडूसाठी मी संरक्षण नसलेला एकही पिक देणार नाही, स्वॅप तर नाहीच. सव्विशीतला स्टार मिळत असेल आणि त्याच्या तोडीचा जोडीदार आपल्याकडे असेल, तर देईन. फक्त तीन-चार वर्षांनंतरच्या पिकावर निदान पहिल्या चार नंबरांचं संरक्षण मागेन, आणि रुकी करारावरचा, म्हणजे ड्राफ्टनंतरच्या पहिल्या करारावरचा, चांगला पोरगा सौद्याबाहेर ठेवण्यासाठी हवा तर एक पिक जास्त मोजेन.