चार पाकिटं, एक मूळ: सोयाबीन-तुरीच्या पेरणीआधी नेमकं काय घ्यायचं?

मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात गेलं की बियाण्याच्या बॅगेपाठोपाठ चार गोष्टी काउंटरवर येतात: रायझोबियम (हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, आणणारे जिवाणू), पीएसबी (मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोकळं करणारे जिवाणू), आणि मायकोरायझा व ट्रायकोडर्मा या दोन उपयोगी बुरश्या. दुकानदार म्हणतो, ‘चारही न्या, नुकसान तर नाही ना?’ नुकसान नाही हे खरं, पण गरज तरी प्रत्येक रानाला कुठे असते? माझा हिशेब साधा आहे. मुळाशी जे काम आधीच होतंय, त्याला नवा गडी लावायचा नाही.

मुळाला चिकटून असलेली मिलिमीटर-दोन मिलिमीटर माती बाकीच्या रानापेक्षा वेगळी असते. मूळ तिथे साखर, आम्लं, अमिनो आम्लं सोडत राहतं आणि त्या खाण्यावर जिवाणूंची गर्दी जमते. जर्मनीच्या लोरेंझ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये या पट्ट्याला रायझोस्फिअर हे नाव दिलं. त्याआधी १८९६ मध्ये नोब्बे आणि हिल्टनर यांनी मिळून कडधान्यांसाठीच्या जिवाणू संवर्धकाचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे काउंटरवरचं रायझोबियमचं पाकीट सव्वाशे वर्षं जुनं आहे. बाकी तिघांच्या जाहिराती मोठ्या असतात, पण डाळवर्गीय पिकात एवढ्या ठोस हिशेबाचा गडी हाच.

सोयाबीनच्या दाण्यात प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास. एकरी आठ क्विंटल माल घरी आला, तर त्यासोबत सुमारे ५० किलो नत्र रानाबाहेर जातं. युरियाच्या ४५ किलोच्या बॅगेत नत्र असतं जेमतेम २१ किलो. म्हणजे जवळजवळ अडीच बॅगा झाल्या, आणि एवढा युरिया सोयाबीनला कुणी देत नाही. हे नत्र मुख्यत्वे मुळांवरच्या गाठी हवेतून आणतात. मूळ एक रासायनिक हाक देतं, त्याच पिकाच्या ओळखीचा जिवाणू उलट खूण करतो, मूलरोम वळतो आणि जिवाणू आत शिरतो. ही ओळख महत्त्वाची. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. तूर, मूग, उडीद आणि चवळी यांचा गट वेगळा. म्हणून पाकिटावर पिकाचं नाव आधी वाचा.

आता खरा प्रश्न. सोयाबीनचे जिवाणू मूळचे आपल्या मातीतले नाहीत, ते पिकाच्या मागोमाग आले. ज्या रानात दहा-पंधरा वर्षं सोयाबीन होतंय तिथे ते ठाण मांडून बसलेत. पाकिटातल्या नव्यांना त्यांच्याशी झगडावं लागतं आणि बऱ्याचदा हार खावी लागते. अशा रानात फारसा फरक दिसला नाही तर आश्चर्य नको. पण ऊस मोडून पहिल्यांदाच सोयाबीन करताय, किंवा सपाटीकरणात वरची माती निघून गेलीय, तर रायझोबियम चुकवू नका. एकरी ३० किलो बियाण्याला २५० ग्रॅमची तीन पाकिटं लागतात. पेरताना भरघोस युरिया टाकणार असाल तर मात्र हा खर्च वाया. नत्र फुकट मिळायला लागलं की झाड गाठींना पोसत नाही.

पीएसबीबद्दल मी जरा हात राखून बोलतो. हे जिवाणू आम्लं सोडून अडकलेलं स्फुरद मोकळं करतात. बाटलीत ते सुरेख दिसतं, पण आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो चुनाच आम्लाची धार बोथट करतो. त्यामुळे निकाल एका रानात एक, शेजारच्या रानात दुसरा. शिवाय काही पिकं हे काम स्वतःच करतात. हरभऱ्याच्या पानांवरची आंब हाताला लागते ना, तशीच आम्लं त्याची मुळंही सोडतात. तुरीवर हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत काम झालं, ते १९९० मध्ये प्रसिद्ध झालं: लोहाशी बांधलेलं स्फुरद तूर मुळातून पिसिडिक आम्ल सोडून मिळवते. मात्र हा गुण तांबड्या जमिनीत जास्त कामाचा. पीएसबी स्वस्त आहे, रायझोबियमसोबत बियाण्याला चोळून टाका. पण त्याच्या भरवशावर डीएपी हे स्फुरदाचं खत बंद करायला मी सांगणार नाही.

मायकोरायझा विकताना ‘पांढरी मुळी’ हा शब्द हमखास येतो. ही बुरशी मुळाच्या आत राहते आणि केसाहून बारीक धागे बाहेर, मुळाचा हात पोचत नाही तिथवर, पाठवते. स्फुरद मातीत जागचं फारसं हलत नसल्यामुळे हे धागे मोलाचे. पण ती बहुतेक रानांत आधीच असते. खोल नांगरटीने तिचं जाळं तुटतं आणि स्फुरद जास्त दिलं की झाड तिला दारात उभं करत नाही. म्हणजे एकीकडे डीएपी ओतायचं आणि दुसरीकडे मायकोरायझा विकत घ्यायचं, हा उलटा व्यवहार झाला. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक यांच्याशी तर तिचं जमतच नाही. कोकोपीटवरची रोपं, टिश्यू कल्चर केळी, तुटपुंज्या मुळांचा कांदा, इथे पैसे घाला. सोयाबीनला माझ्या मते या चौघांतलं हे शेवटचं पाकीट.

ट्रायकोडर्माचं गणित सोपं आहे. मागच्या वर्षी तुरीत मर, म्हणजे झाड वाळवणारा बुरशीचा रोग, होती का? असेल तर घ्या, कारण ही बुरशी दुसऱ्या बुरशीला खाऊन जगते. बियाणं बुरशीनाशक लावलेलं रंगीत असेल तर त्यावर ती चोळू नका, तीही बुरशीच आहे. शेणखतात सावलीत आठवडाभर मुरवून मातीत द्या. रंगीत बियाण्यावर रायझोबियमचंही तसंच, तेही शेणखतातूनच ओळीत दिलेलं बरं.

आणि जीवामृत? दोनशे लिटरच्या पिंपात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन मिळून नत्र पाव किलोच्या आसपास भरतं. ते खत नव्हे, मातीतल्या जिवाणूंना दिलेला नाश्ता आहे. घरची गाय असेल तर जरूर करा, पण रायझोबियमची जागा ते घेत नाही. विशिष्ट पिकाचा जिवाणू त्यात असेलच असं नाही.

घेताना उत्पादनाची आणि मुदतीची तारीख बघा. पावडरमध्ये ग्रॅमला किमान पाच कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत, असं खत नियंत्रण आदेश सांगतो. पण मे महिनाभर पत्र्याखाली तापलेल्या खोक्यात किती उरले, हे लेबल सांगणार नाही. मी एकदा अशाच खोक्यातली पाकिटं आणली आणि गाठी शोधत बसलो. जमलं तर कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून ताजं घ्या, आणि चोळलेलं बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

एक पट्टा न चोळलेल्या बियाण्याचा ठेवा, आणि तो आधी पेरा, नाहीतर पेरणी यंत्राच्या पेटीला लागलेले जिवाणू तिथेही जातात. चाळीस दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच झाडं कुदळीने मातीसकट काढा. उपटली तर गाठी खालीच राहतात. धुऊन गाठ नखाने फोडा. आत लालसर गुलाबी असेल तर नत्राचं काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. दोन्हीकडे सारख्याच लाल गाठी निघाल्या, तर पुढच्या मृगाला त्या तुकड्यापुरतं रायझोबियम यादीतून काढा.