३६ इंची स्कॅनर सांगितला, निघाला २४ इंची. ६३०० रुपयांचा अनुभव

आमची कोथरूडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघालीये आणि कमिटीत सगळ्यात रिकामटेकडा मीच, त्यामुळे जुने मंजूर नकाशे स्कॅन करून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. १४ शीट, १९७८ चे अमोनिया प्रिंट (नकाशाची जुन्या पद्धतीने काढलेली कॉपी), घड्या पडलेले, आणि साईज कशातच न बसणारी, १०६० बाय ७२० मिमी. ए१ पेक्षा मोठी, ए० पेक्षा लहान.

एका प्लॉटिंग सेंटरवाल्याने फोनवरच सांगितलं, साहेब ३६ इंची मशीन आहे, ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल), वन टू वन (कागदाच्या मूळ मापातच), शीटचे ४५०. पूर्ण ६३०० ॲडव्हान्स घेतले. मशीन बघू का म्हटलं तर "आत एसीत आहे, धूळ चालत नाही". चपला बाहेर काढतो म्हणालो, पण पुढे हट्ट काही धरला नाही, तिथेच चुकलं.

दोन दिवसांनी पेन ड्राईव्ह मिळाला, स्क्रीनवर सगळं झकास. मग आर्किटेक्ट मॅडमनी फाईल कॅडमध्ये (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) घेतली आणि फोन आला, "काका, जिना ८० सेंटिमीटरने अरुंद कसा काय झाला?"

दुकानात गेलो तर गडी म्हणतो जुना कागद आहे, आक्रसतो. आता हे अर्धं खरं आहे, असा प्रिंट हवेने कमीजास्त होतोच, म्हणूनच मी प्लॅनवर लिहिलेल्या मापांच्या नादी न लागता स्टीलची पट्टी घेऊन कागदच मोजला. ७२० भरला. स्कॅनची रुंदी १६,८२० पिक्सेल, भागिले ६००, गुणिले २५.४, आले ७१२. म्हणजे ८ मिमी गायब, आणि १:१०० च्या नकाशात तेच ८० सेंटिमीटर! शिवाय कागद आक्रसला तर सगळीकडून थोडा थोडा आक्रसेल ना, नेमका जिन्यातूनच कसा?

मग झूम करून बघितलं. जिन्याच्या मधोमध एक आडवी सरळ रेघ, वर कागद फिकट पिवळा, खाली जरा जास्त पिवळा. याच्याकडे मशीनच २४ इंची, म्हणजे ६१० मिमी, माझं शीट त्यात मावणारच नाही, म्हणून दोनदा घालून तुकडे जोडलेले आणि जोडताना पट्टी खाल्ली. अजून झूम केलं तर तीन बाय तीन पिक्सेलचे एकाच रंगाचे ठोकळे, म्हणजे २०० वर स्कॅन करून फाईल तिप्पट फुगवली, प्रॉपर्टीजमध्ये ६०० दिसतं एवढंच.

तर कोणी असले नकाशे देणार असाल तर आधी मशीनचं तोंड टेपने मोजा, लाजू नका. एकच शीट करून घ्या, फक्त त्याचेच पैसे द्या, आणि माप दोन्ही बाजूंनी ताडा, कारण रोलरवर कागद घसरला तर रुंदी बरोबर येते आणि लांबीच चुकते (हे मला दुसऱ्या दुकानातल्या ऑपरेटरने दाखवलं, भला माणूस, शेजारी स्टूल देऊन बसवलं). ऑटो साईज आणि फिट टू पेज बंद करायला सांगा, नाहीतर मशीन स्वतःच्या मनाने कागद ए० चा करून टाकतं. घड्या असतील तर आदल्या रात्री गादीखाली ठेवा, घडी काचेपासून उचलली की तेवढंच पुसट येतं. आणि जीर्ण शीट प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये घालूनच मशीनमध्ये सोडायला लावा.

हे शेवटचं मला उशिरा कळलं. भांडून ३००० परत मिळाले, यूपीआयने, "काका रिव्ह्यू नका टाकू" या मेसेजसकट. घरी येऊन रोल उघडला तर तिसरं शीट घडीवर वीतभर फाटलेलं, मागून सेलोटेप लावून नेमकं आतल्या बाजूला गुंडाळलेलं. कमिटीला अजून सांगितलेलं नाही, रविवारी मीटिंग आहे.