मारुती ८००चा गंज काढून वीस महिने झाले: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

आमची पांढरी मारुती ८०० जून २००४ची. बाबांनी नोकरीत असताना घेतलेली पहिली आणि एकच गाडी. माहीमला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, बिल्डिंगच्या आवारात उघड्यावर उभी असते. मार्च २०२४मध्ये तिच्या पत्र्याचं मोठं काम करून घेतलं. त्यानंतर दोन पूर्ण पावसाळे गेले, म्हणून आता खात्रीने लिहिता येतंय. काम झाल्या झाल्या लिहिलं असतं तर त्याला काही अर्थ नव्हता, कारण पत्र्याचं कुठलंही काम पहिले सहा महिने छानच दिसतं.

सुरुवात कशी झाली ते सांगते. डिसेंबर २०२३मध्ये सायनला रात्री पंक्चर झालं. मी जॅक लावला आणि हँडल फिरवायला लागले. गाडी वर यायच्या ऐवजी करकर आवाज आला आणि जॅकचं डोकं डाव्या दाराखालच्या रनिंग बोर्डात शिरलं. रस्त्यावर तपकिरी पापुद्र्यांचा सडा पडला. बाबांनी त्यातला एक उचलला, मोबाईलच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "बाहेरून तर काहीच दिसत नव्हतं गं."

ते खरंच होतं. बाहेरून दिसत नव्हतं, कारण २०२१मध्ये आम्ही ९ हजार रुपये देऊन तेच लपवून घेतलं होतं. तेव्हा रनिंग बोर्डवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फुगे आले होते. एका गॅरेजवाल्याने ते घासले, वर लांबी (पुट्टी) भरली, रंग मारला आणि खालून डांबरासारखा काळा थर दिला. गाडी नवीकोरी दिसायला लागली. पुढच्याच पावसाळ्यात कमानीवर पुन्हा फुगे आले, पण आम्ही दुर्लक्ष केलं. आता कळतं की लांबी ओल शोषून घेते. तिच्याखाली गंज जिवंत असेल तर तो तिथेच वाढत राहतो. आणि गंजलेल्या पत्र्यावर काळा थर मारला की पाणी आत अडकतं, बाहेर पडायला वाट उरत नाही. त्या माणसाने पाण्याच्या निचऱ्याची भोकंसुद्धा बुजवून टाकली होती. याचा राग मला अजून आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: दाराखालचा तो लांब पोकळ पट्टा, ज्याला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, तो शोभेचा नाही. ८००ला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. रनिंग बोर्ड सडला म्हणजे गाडीचा कणा सडला. अपघातात दार आणि माणूस यांच्या मध्ये जे काही उभं राहतं, त्यातला हा मोठा भाग आहे. त्यामुळे "जुनी गाडी आहे, चालतंय" असं यापुढे म्हणायचं नाही, हे आम्ही त्या रात्रीच ठरवलं. शिवाय २०१९मध्ये पाच वर्षांसाठी वाढवलेली नोंदणी जून २०२४मध्ये संपत होती आणि आरटीओची तपासणी समोर होती.

चार ठिकाणी विचारलं. तिघांनी गाडीभोवती एक फेरी मारून रंगाचा भाव सांगितला. कुर्ल्यातले एक डेंटर मामा (पत्र्याचं काम करणारे), मूळचे रत्नागिरीकडचे, जमिनीवर आडवे झाले आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने खालचा पत्रा ठोकत गेले. चांगल्या पत्र्यावर टणटण वाजतं, सडलेल्यावर धबधब. मग खिशातून लोहचुंबक काढून कमानीवर फिरवलं. लांबी होती तिथे ते चिकटलंच नाही. उठून म्हणाले, "ताई, रंगाचं नंतर बोलू. आधी पत्रा किती शिल्लक आहे ते उघडून बघू. उघडल्यावर आकडा वाढेल, ते आत्ताच सांगतो." मी काम त्यांना दिलं ते या वाक्यामुळे.

उघडताना मी दोन दिवस तिथेच होते. पुढचा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, बोल्टवर असतो, तो काढला. त्याच्या आणि रनिंग बोर्डच्या मधल्या खाचेत मूठ-दीड मूठ लाल माती निघाली. आमच्या गावची, मालवणकडची. दरवर्षी गणपतीला गाडी तिकडे जायची, तिथून आलेला चिखल वर्षानुवर्षं त्या कोपऱ्यात साठला होता. फेब्रुवारी संपत आला होता, महिनोन्‌महिने पाऊस नव्हता, आणि ती माती आतून ओलसर होती. मी बोटांत चुरून पाहिली. तिच्यामागचा पत्रा जाळीसारखा झाला होता, पलीकडचा उजेड दिसत होता.

मग सीट आणि कार्पेट काढलं. २६ जुलै २००५ला, ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री ही गाडी कलिन्याला सीटपर्यंत पाण्यात उभी होती. तेव्हा इंजिन खोललं, सीट उन्हात ठेवल्या, कार्पेट वरून वाळवलं. पण कार्पेटच्या खाली आवाज अडवायला जो जाड नमदा असतो, तो कोणीच काढला नाही. तो आता हातात भुगा होऊन आला. सगळा दोष त्या एका रात्रीला देता येणार नाही, कारण पुढच्या काचेतूनही पाणी झिरपत होतं, ते पुढे सांगते. पण तो नमदा एकदा भिजला की स्पंजासारखा ओल धरून बसतो आणि खालचा फ्लोअर सतत दमट राहतो.

काम असं झालं. सडलेला पत्रा चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापला. इथे कंजुषी केली की पुढचं सगळं फुकट. बॅटरी सोडवली, इंजिनचा कॉम्प्युटर काढून बाजूला ठेवला, पेट्रोलची नळी जिथून जाते तिथे ओली गोणपाटं टाकली. नवा पत्रा २० गेजचा सीआर, म्हणजे जस्त न चढवलेला साधा. मी जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा सुचवला होता, गंजणार नाही म्हणून. मामांनी नको सांगितलं: वेल्डिंग करताना त्यावरचं जस्त जळतं, तो धूर छातीला वाईट, आणि नेमक्या जोडावरचं संरक्षण निघून जातं ते वेगळंच. गॅसच्या ज्योतीऐवजी सीओटू वेल्डिंग (विजेने तार वितळवून) केलं, तेही थोडं इथे, थोडं तिथे, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. जे जोड नंतर आतून रंगवता येणार नव्हते, तिथे वेल्डिंगच्या आधीच जस्ताचा प्रायमर लावला.

एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. पहिल्या दिवशी घासलेला एक तुकडा प्रायमर न मारता रात्रभर राहिला. सकाळी त्यावर नारिंगी धूर बसल्यासारखा थर होता. मुंबईच्या हवेत उघडं लोखंड एक रात्रसुद्धा तसं राहत नाही. त्यानंतर आम्ही ठरवलं, जेवढं घासू तेवढं त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली जाईल. तो तुकडा पुन्हा घासला.

जिथे पत्रा जाड होता आणि गंज फक्त वरवर होता, तिथे मी स्वतः काम केलं. नागदेवी स्ट्रीटवरून ग्राइंडरला लावायचे तारेचे ब्रश आणले. आधी सुटा गंज खरवडला, मग फॉस्फरिक ॲसिडचं गंज बदलणारं द्रावण लावलं. त्याने उरलेल्या गंजाचं फॉस्फेट होतं आणि पृष्ठभाग करडा-काळा पडतो. मग पुसून, पूर्ण वाळवून प्रायमर. हे द्रावण उपयोगी आहे, पण ते पातळ थरासाठी. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ते ओतून काही होत नाही, ते खालपर्यंत पोचतच नाही.

सांध्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलर, मग खालून दगड-खडीपासून वाचवणारा थर, वर इपॉक्सीवरच अगदी पातळ लांबी आणि पीयू रंग. पांढरा रंग असल्यामुळे जुळवायला त्रास झाला नाही.

आता मला ज्यावर जोर द्यायचा आहे ते: कॅव्हिटी वॅक्स. रंग पूर्ण सुकल्यावर रनिंग बोर्डच्या रबरी बुचांमधून लांब नळी आत घालून मेण फवारायचं. ते पातळ असताना जोडांच्या फटीत शिरतं आणि मग मऊच राहतं, तडकत नाही. आमच्या गाडीला तीन डबे लागले. निचऱ्याच्या भोकांतून मेण ठिबकायला लागलं की आतपर्यंत पोचलं असं समजायचं. आणि मग ती भोकं तारेने पुन्हा मोकळी करायची. हे विसरलात तर मेणाचा उपयोग उलटा होतो. दारांच्या खालच्या कडेलाही अशी भोकं असतात. आमच्या दोन दारांची चिखलाने बंद होती, दार हलवलं की आत पाणी डुचमळायचं आणि आम्ही इतकी वर्षं तो आवाज काचेचा समजत होतो.

आणि काचेतून येणारं पाणी. नवा फ्लोअर पुन्हा भिजला तर सगळंच गेलं, म्हणून आम्ही बाबांना टॉर्च देऊन आत बसवलं, डॅशबोर्डखाली टाल्कम पावडर भुरभुरली आणि बाहेरून काचेवर नळी सोडली. सातव्या-आठव्या मिनिटाला बाबा आतून ओरडले. पावडरीत डाव्या कोपऱ्यातून एक बारीक ओघळ उतरला होता. काचेचं वीस वर्षांचं रबरी बीडिंग कडक होऊन उचललं गेलं होतं. नवीन बीडिंग ऑपेरा हाऊसच्या बाजारात मिळालं. मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं, आणि माझ्या मते सगळ्या खर्चात सर्वांत मोलाचे पैसे हेच.

एकूण खर्च ४३ हजार. त्यात पत्रा आणि वेल्डिंग २४, रंग साडेअकरा, मेण-सीलर-प्रायमर साडेपाच, बाकी काच. गाडी विकायला काढली तर एवढे येणार नाहीत. आम्ही ती विकण्यासाठी केली नव्हती. जूनमध्ये तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली, खालचं नवं काम तिथे पाहिलं गेलं आणि कोणी बोट ठेवलं नाही.

आता वीस महिन्यांनंतरची स्थिती. दोन्ही रनिंग बोर्ड ठोकले की टणटण वाजतात. मी दर तीन महिन्यांनी बूच काढून आत मोबाईलचा कॅमेरा घालून बघते, मेणाचा थर तपकिरी आणि ओलसर दिसतो, गंज नाही. फ्लोअर कोरडा. नमदा परत घातला नाही, त्याजागी पाणी न शोषणारी फोमची शीट आहे. आवाज थोडा वाढला, तो आम्हाला चालतो. पुढचे फेंडर उत्तम.

उजव्या मागच्या कमानीवर मात्र गंज परत आला. या सप्टेंबरमध्ये कडेवर ज्वारीच्या दाण्याएवढे दोन फुगे दिसले. तिथे आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांवर दुमडलेले असतात, त्या घडीत मेण नीट पोचलं नव्हतं. मामांनी तेव्हाच सांगितलं होतं की वर्षाने पुन्हा फवारा. मी मेअखेरचा आठवडा ठरवला होता, आणि २०२५चा मान्सून मुंबईत २६ मेलाच येऊन ठेपला. ओल्या घडीवर मेण मारणं म्हणजे ओल आत कोंडणं, म्हणून राहिलं. चूक माझी, हे काम मार्चमध्येच व्हायला हवं होतं.

काही सवयी बदलल्या. गाडी धुणारा मुलगा बिल्डिंगच्या बोअरवेलचं पाणी वापरायचा. आमच्याकडे ते मचूळ लागतं, म्हणजे आम्ही रोज सकाळी गाडीला मीठ लावत होतो. आता आठवड्यातून एकदा नळाच्या पाण्याने, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी कमानींच्या आतून पाण्याचा जोराचा फवारा. प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलं, त्याच्या आत सकाळी थेंब जमलेले असायचे. गावाहून आलं की त्याच दिवशी खालची माती धुऊन काढतो.

मामांशी बोलणं झालंय. जानेवारीत हवा कोरडी असते, तेव्हा ती कमान उघडायची, घडीपर्यंत कापायची आणि या वेळी जोडायच्या आधी आतल्या बाजूला प्रायमर मारायचा. बाबांनी कॅलेंडरवर तारखेला गोल केलाय, शेजारी लिहिलंय: "मेण, दोन डबे."