पाळणाघर निवडताना: वर्कशीट की अंगण?

कोथरूड, औंध किंवा हिंजवडी परिसरात तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पाळणाघर शोधणाऱ्या पालकांसमोर बहुधा दोन पर्याय येतात. एक फ्लॅटमधले, सीसीटीव्ही आणि वर्कशीटांचे आखीव वेळापत्रक असलेले. दुसरे बंगल्याच्या आवारातले, अक्षरओळखीचा आग्रह न धरता मुलांना वारंवार मोकळे सोडणारे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार या वयाच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यांतील किमान ६० मिनिटे ती मध्यम ते जोमदार असावी. जे मूल सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळणाघरात असते, त्याची ही गरज घरी आल्यावर भागणे अवघड असते.

पहिल्या पर्यायात शिस्त आहे, पालकांच्या हाती दाखवण्याजोगी फाइल येते, आणि नोकरी करणाऱ्या आईवडिलांना कॅमेऱ्याचा दिलासा वाटतो, जो मी क्षुल्लक मानत नाही. मात्र शाळेची पूर्वतयारी म्हणून त्याची निवड करण्याचे कारण लंगडे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पायाभूत टप्प्यात, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या वयात, खेळातून शिकण्यावरच भर दिला आहे.

दुसऱ्या पर्यायाचे बळ लंगडीत स्पष्ट दिसते. मूल आधी भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहते, मग हात सोडते, एक उडी मारते, पडते आणि कोणी न सांगता पुन्हा उठते. तोल आणि पायातली ताकद तर येतेच, पण ‘मला जमेल’ हा विश्वास आणि पुन्हा खेळावेसे वाटणे हेही त्याच वेळी रुजते. शारीरिक साक्षरता म्हणतात ती हीच, आणि आठवड्यातून दोनदा लावलेला जिम्नॅस्टिक्सचा क्लास या रोजच्या खेळाची जागा घेऊ शकत नाही.

तरीही केवळ अंगण पाहून भुलू नये. एका घसरगुंडीसमोर रांगेत ताटकळणाऱ्या मुलांपेक्षा, रिकाम्या हॉलमध्ये उशांचे डोंगर चढणारी आणि ताईंबरोबर शिवाशिवी खेळणारी मुले अधिक हालचाल करतात.

फाटक पक्के असेल आणि ताईंची संख्या पुरेशी असेल, तर भिंतींचा रंग उडालेला असला तरी मी दुसरा पर्याय निवडेन. प्रवेश घेण्यापूर्वी मात्र जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत मुले कुठे खेळतात, हे अवश्य विचारावे; उत्तर ‘टीव्हीसमोर’ असे आले, तर हॉल मोकळा ठेवणारे फ्लॅटमधले पाळणाघरच बरे.