ऊर्जा-प्रमाणपत्राचं घर, सात महिने राहून: स्लॅब उत्तम, छज्जा गायब

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बेडरूमचा एसी सारखा ट्रिप व्हायला लागला. दुरुस्तीला आलेल्या पोरानं गॅस बघितला, जाळी धुतली आणि म्हणाला, "काका, मशीनमध्ये काही नाही. खोलीच लई तापतीय." त्याला साडेतीनशे रुपये दिले आणि चिडून घराचं ऊर्जा-प्रमाणपत्र कपाटातून काढलं.

छत्रपती संभाजीनगरात दिवाळीला ताबा घेतला, सगळ्यात वरचा मजला. इको-निवास संहितेप्रमाणे, म्हणजे घरं कमी तापावीत आणि वीज वाचावी म्हणून केंद्र सरकारनं केलेल्या नियमांप्रमाणे, बांधकाम आहे म्हणून शेजारच्या स्कीमपेक्षा जास्त भाव दिला होता. कागदावर आकडे चोख आहेत: भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता चौरस मीटरला 15 वॉटच्या आत, छताचं यू-मूल्य (छतातून उष्णता किती झिरपते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) 1.2 च्या आत. मग खोली का तापते?

टेप घेऊन नकाशा ताडून बघितला. पश्चिमेच्या 4 फूट उंच खिडकीवर 2 फुटी छज्जा दाखवलाय. माझ्या खिडकीवर छज्जाच नाही! खिडकीच्या उंचीच्या मानानं छज्जा किती बाहेर येतो, त्यावर काचेतून येणारी उष्णता कमी धरतात. ती इथंही कमी धरलीय, आणि चार वाजता ऊन थेट उशीपर्यंत येतं. बिल्डरकडे गेलो तर उत्तर मिळालं, एलेव्हेशन, म्हणजे इमारतीची दर्शनी बाजू, सपाट हवं होतं म्हणून काढला. ज्याचे पैसे घेतले तेच काढून टाकलं, याचा राग अजून जात नाही.

तेव्हा अख्खं प्रमाणपत्रच खोटं वाटलं होतं. मे महिन्यात मत बदललं. आधीचं भाड्याचं घरही वरच्याच मजल्यावर होतं. तिथं रात्री अकरालाही पंखा गरम वारा फेकायचा. इथं त्याच वेळी स्टुलावर चढून स्लॅबला तळवा लावला, तर अंगाइतकाही गरम नाही. वर इन्सुलेशनचा थर आणि त्यावर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) आहे. अंबडच्या आमच्या जुन्या घरात माळवदावरची हातभर पांढरी माती हेच काम करायची. स्लॅबपुरते पैसे वसूल झाले, हे मनापासून सांगतो.

खिडकीला आधी आतून जाड पडदा लावला होता. उपयोग नाही, ऊन काचेतून आत आलं की उष्णता घरातच राहते. मग बाहेरून बांबूची चिक टांगली, 900 रुपयांत. पश्चिमेचं ऊन उतरतं तसं छज्ज्याखालून आत शिरतं, त्यामुळे चिक तशीही लागलीच असती. पण दीड ते तीनचं बरंचसं ऊन छज्ज्यानं अडवलं असतं. एप्रिलचं बिल 341 युनिट आलं, 300 च्या वरच्या 41 युनिटांना महागडा दर लागला. मेचं 276.

ताबा घेणाऱ्यांनी प्रमाणपत्राबरोबर खिडक्यांचा नकाशाही मागा आणि चावी घ्यायच्या आधी छज्जे मोजा. आम्ही पश्चिमेकडच्या सहा घरांनी सह्या करून छज्ज्यांसाठी बिल्डरला अर्ज दिलाय, प्रमाणपत्राची प्रत आणि खिडक्यांचे फोटो जोडून. पोच घेतलीय. काम कधी करणार, ते अजून सांगितलेलं नाही.