एस-क्लास: जुनी पिढी, नवी पिढी आणि मागची चाके

मर्सिडीजच्या नव्या एस-क्लासविषयी लिहिणे मी मुद्दाम लांबवले होते. सुरुवातीच्या आठवड्यांत माझा कौल सरळसरळ जुन्या गाडीच्या बाजूने होता आणि तेवढ्या ओळखीवर काही लिहिणे योग्य वाटत नव्हते. जुनी म्हणजे २०१३ मध्ये आलेली, डब्ल्यू २२२ या सांकेतिक नावाची पिढी आणि नवी म्हणजे २०२० मध्ये आलेली डब्ल्यू २२३; माझ्याकडच्या दोन्ही गाड्या लांब व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जास्त असलेल्या) आहेत आणि दोन्ही मी स्वतः चालवतो. मागे बसणाऱ्यांच्या सुखसोयींवर भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे मी पुढच्या सीटवरूनच बोलणार आहे.

या दोन पिढ्यांमधला खरा फरक मागच्या चाकांत आहे, असे आता माझे ठाम मत झाले आहे. नव्या गाडीचा व्हीलबेस ३,१६५ मिमीवरून ३,२१६ मिमी झाला, म्हणजे आधीच लांब असलेली गाडी आणखी ५१ मिमीने वाढली. अशी गाडी अरुंद रॅम्पवर जास्त त्रास देईल, हा साधा हिशेब होता. प्रत्यक्षात तो उलटा ठरला, कारण मागची चाकेही वळतात. हा पर्याय दोन प्रकारांत मिळतो: एकात मागची चाके ४.५ अंशांपर्यंत वळतात, दुसऱ्यात १० अंशांपर्यंत. माझ्या गाडीत दुसरा प्रकार आहे. त्यात गाडी ११ मीटरच्या आतल्या वर्तुळात फिरते, तर जुन्या लांब गाडीला १२ मीटरहून जास्त जागा लागत असे. तळघरातल्या पार्किंगमध्ये ज्या वळणावर जुनी गाडी एकदा मागे घेऊन मगच पुढे काढावी लागे, तिथे नवी एका दमात निघते.

तरीही सवय व्हायला वेळ लागला, आणि त्याचे कारण शोरूममधल्या छोट्या फेरीत कळत नाही. कमी वेगात मागची चाके पुढच्या चाकांच्या विरुद्ध दिशेने वळतात, त्यामुळे उजवीकडे वळताना गाडीचा मागचा भाग आधी किंचित डावीकडे सरकतो. खांबाला खेटून उभी केलेली गाडी पूर्ण स्टिअरिंग फिरवून बाहेर काढायला गेलात, तर मागचा बंपर त्या खांबाकडेच जाऊ लागतो. म्हणून आधी थोडे सरळ पुढे यायचे, मागचा कोपरा मोकळा झाला की मगच स्टिअरिंग फिरवायचे. ही रीत हातात बसली आणि माझे मत पालटले. ताशी ६० किमीच्या वर हीच चाके पुढच्या चाकांच्या दिशेने अगदी थोडी वळतात आणि लेन बदलताना मागचा भाग पाठोपाठ ओढला जात असल्याची जुन्या गाडीतली भावना उरत नाही.

आता जुन्या गाडीची बाजू. नव्या पिढीत आधीच्यापेक्षा २७ स्विच कमी केले आहेत, आणि त्यातले कित्येक कमी करण्याचे कारण मला अजूनही पटलेले नाही. दरवाजावरच्या सीटच्या आकाराच्या बटणांचेच पाहा. जुन्या गाडीत पाठीचे बटण मागे ढकलले की पाठ मागे जाई. बटण खरेच हलत असल्यामुळे किती ढकलले ते बोटाला कळत असे. नव्या गाडीत आकार तोच आहे, पण बटण जागचे हलत नाही, केवळ दाब ओळखते. रस्त्यावरची नजर न हटवता पाठ थोडीशी सरळ करायची असेल, तर जुनी पद्धत निर्विवाद सरस होती. स्टिअरिंगवरच्या स्पर्शपट्टीवर आवाज कमी-जास्त करण्याबाबतही माझे हेच म्हणणे आहे. तापमानाबाबतचा आक्षेप मात्र मी मागे घेतो, कारण त्याची पट्टी मधल्या पडद्याच्या तळाशी कायम दिसत राहते आणि काही महिन्यांनी बोट आपोआप तिथे जाते.

शांततेत नवी गाडी पुढे आहे. सस्पेन्शनमध्ये मला साधारण रस्त्यावर फारसा फरक जाणवला नाही. जुनीचे एअर सस्पेन्शन आजही उत्तम आहे आणि केवळ आरामासाठी कुणी ती बदलू नये.

आता वर्कशॉपचा विषय. नव्या गाडीचे टायर बदलून अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) करून घेतल्यानंतर ती सरळ धावत होती, पण स्टिअरिंग किंचित डावीकडे कललेले राहत होते. नवे टायर रुळेपर्यंत असे होते, असे मला सांगण्यात आले. ते मान्य करण्यासारखे नव्हते. या गाडीत मागच्या ॲक्सलवरची (चाकांच्या आसावरची) विजेची मोटर पट्ट्याच्या साहाय्याने एक स्पिंडल, म्हणजे आडवा दांडा, सरकवते आणि चाके वळवते. त्या यंत्रणेचा शून्य कोन नीट ठरलेला नसेल, तर मागची चाके सूक्ष्मशी तिरकी राहतात आणि गाडी सरळ ठेवण्यासाठी पुढची चाकेही तेवढीच वळवून धरावी लागतात. पहिल्या वर्कशॉपने मागचा ॲक्सल जुन्या गाडीसारखा स्थिर धरून केवळ पुढची चाके जुळवली होती. दुसऱ्या ठिकाणी निदान यंत्र जोडून आधी मागचा कोन शून्यावर आणला, मग चारही चाकांचे अलाइनमेंट केले आणि दोष त्याच दिवशी गेला. पहिल्या कामाचे पैसे परत मिळवायला मात्र बराच पत्रव्यवहार करावा लागला.

ज्यांच्याकडे सुस्थितीतली डब्ल्यू २२२ आहे आणि जे बहुतेक वेळ मागेच बसतात, त्यांनी खर्चात पडू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो. स्वतः चालवणाऱ्यांनी नवी घ्यावी, पण १० अंशांच्या पर्यायासह, आणि त्यासाठी लागल्यास इतर चार गोष्टी सोडून द्याव्यात. हा पर्याय २५५/४० आर २० (म्हणजे २० इंची चाकाच्या) मापापर्यंतच्याच टायरवर चालतो, म्हणून दिखाऊ मोठ्या चाकांचा मोह आधीच टाळावा. अलाइनमेंटनंतर पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ॲक्सलचे आधीचे व नंतरचे आकडे छापलेला कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.